वीसवरच ठेवा

आमच्या पोस्टला नकाशावर नुसता नंबर होता. वायरलेसवर तिचं नाव ‘झरोका’. नियंत्रण रेषेवरची शेवटची चौकी, उंची साडेनऊ हजार फूट, माणसं अठरा. पोस्टच्या वरच्या अंगाला दगड आणि मातीची पोती रचून एक खोली केली होती. दोन माणसं मावतील एवढीच. तिला ओपी म्हणायचे, म्हणजे टेहळणीची जागा. त्या खोलीत मी दोन वर्षं चार महिने बसलो. मी हवालदार, सोबत नाईक कैलास. दोघंही पैठण तालुक्यातले. कंपनी कमांडर साहेबांनी म्हणूनच जोडी लावली. म्हणाले, आपापसात बोलायला भाषा एक असली की काम लवकर होतं.

काम एकच. बघणं.

पहाटे पाच वाजता स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यार घेऊन आपापल्या जागी. साडेपाचला स्कोपवरचं कापड काढायचं. उजेड फुटला की समोरच्या डोंगराची धार डावीकडून उजवीकडं बघत जायची, मग उजवीकडून डावीकडं. एक माणूस स्कोपवर, दुसरा साध्या दुर्बिणीवर. स्कोप खोल बघतो, दुर्बीण रुंद बघते. दोन्ही लागतात. सहा चाळीसला वॉटर पार्टी खाली झऱ्यावर पाणी आणायला निघायची. चारशे मीटर उघडी उतरण होती. ओपीनं ‘क्लियर’ दिल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. हा नियम.

आमचा स्कोप वीस ते साठ पॉवरचा होता. कैलास तो बहुतेक वेळ वीसवर ठेवायचा. संशय आला तरच कडी फिरवायची, बघायचं आणि लगेच परत वीसवर. मी घाई केली की म्हणायचा, “उस्ताद, आधी शेत बघा. मग दाणा बघा.”

मी निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. आता शहरात, गारखेड्यात राहतो. पेन्शन आहे, गुडघे नाहीत. गल्लीतल्या लोकांना कुठून तरी कळलं की इस्माईलभाई फौजेत दुर्बिणीवर होते. तेव्हापासून हा त्रास सुरू झाला. एकाला चंद्र बघायचाय. एकाला स्टेडियमच्या शेवटच्या पायरीवरून फलंदाजाचा चेहरा बघायचाय. एकजण घरी येऊन, चहा पिऊन, हळू आवाजात विचारतो, “शिकारीला चांगला कुठला?”

मी म्हणालो, “शिकारीला चांगला वकील बघा. शिकार बंद होऊन जमाना झाला.”

तो हसला. त्याला विनोद वाटला.

आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. पॉवर किती? भिंगाचा व्यास कुणी विचारत नाही. चौकटीत किती रुंद दिसतं, कुणी विचारत नाही. स्टँड तर कुणाच्या डोक्यातच नसतो. पॉवर किती, आणि स्वस्तात किती. मी उत्तरं देणं बंद केलं होतं.

मग गेल्या कार्तिकात मंदाताईंचा फोन आला.

मंदाताई म्हणजे कैलासची थोरली बहीण. वय बासष्ट. धरणाच्या फुगवट्याच्या काठावर त्यांची आठ एकर जमीन आहे. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्यामुळं शेत त्याच बघतात. लेक पुंडलिकनगरात दिलेली, शनिवारी तिच्याकडं येतात. येता-जाता आमच्या घरी चहाला थांबतात. बावीस वर्षांचा घरोबा आहे. बोलणं तोफखान्यासारखं. एकदा सुरू झालं की समोरच्यानं डोकं खाली घालावं.

“इस्माईलभाऊ, मला ते तुमचं यंत्र पायजे,” त्या म्हणाल्या.

“कुठलं यंत्र?”

“कैलास अन् तुमी ज्याच्यातनं बघायचात ते. लांबचं बघायचं. आमच्या उसात बिबट्या शिरलाय. फॉरेस्टवाले ठसे बघून गेले, जपून ऱ्हावा म्हनले. उसाला लागूनच कापूस हाय अन् वेचायला बायका यायला भ्यायल्यात. मी काय म्हणते, सकाळी गच्चीवर चढायचं, यंत्रातनं सगळीकडं बघायचं, काय नसलं की बायकांला सांगायचं, जा गं उतरा. काय? अन् दुपारच्याला धरणावरचे पक्षी बघायला होतंयच की. नातीला लई नाद हाय.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आयकायलात का?”

“ऐकतोय. ताई, यंत्राच्या भरवशावर माणसं शेतात उतरवू नका. फटाके लावा, ट्रॅक्टर फिरवा.”

“ते बी करीन. पण आधी बघीन. तुमी नाय का बघत होता? शनवारी येते. क्रांती चौकात जाऊ. लई महाग नको, अन् पॉवर जास्तीत जास्त पायजे.”

फोन ठेवला. नाही म्हणायला सवडच दिली नाही.

शनिवारी अकरा वाजता आम्ही क्रांती चौकात होतो. कॅमेऱ्याचं दुकान. मालक पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्यानं आधी बंदुकीवर बसवायची नळी काढली.

“ही एअरगनची आहे,” मी म्हणालो. “आम्हाला स्टँडवर ठेवून बघायचा स्कोप पाहिजे.”

“वो बी है ना अंकल.” त्यानं दुसरं खोकं काढलं. खोक्यावर हरणाचं चित्र, हरणावर फुली मारलेलं वर्तुळ. “पच्चीस से सौ. हंड्रेड एक्स! शिकार कू बी चलता, घूमने कू बी चलता.”

“कायकी शिकार?”

“वो तो अब आप देखो,” तो म्हणाला आणि दात काढले.

मी डोकं शांत ठेवलं. स्कोप बाहेर नेऊन बघायचा आहे, म्हणून सांगितलं. त्यानं सोबत एक स्टँड दिला. वीतभर उंचीचा, पाय पेन्सिलीएवढे. तो मी दुकानाच्या पायरीवर ठेवला आणि चौकाच्या पलीकडची एक पाटी धरली. पंचवीसवर अक्षरं जेमतेम लागली. शंभरवर नेलं तर पाटी गेली आणि राखाडी रंगाचा काला राहिला. शेजारून बस गेली की तो काला हलायचा. रिक्षा गेली की उडायचा. पायरीवर पालथं पडून, मान वाकडी करून, पंचावन्न ओलांडलेला माणूस काला बघतोय. दोन पोरी थांबून माझाच फोटो काढून गेल्या.

मंदाताई गुडघ्यावर बसल्या आणि डोळा लावला.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“मोठं दिसतंय की.”

“काय मोठं दिसतंय?”

“ते नाय समजत. पण लई मोठं दिसतंय.”

दुकानदार म्हणाला, “देखो, माँजी कू पसंद आया.”

मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. रसवंतीवर बसवून समजावलं. पॉवर वाढली की दोन गोष्टी होतात. उजेड कमी होतो आणि चौकट लहान होते. खिडकीतून बघत असता, ते कुलपाच्या भोकातून बघायला लागता. वर हात थरथरला, वारा आला, जमीन तापली, की तेही शंभर पटीनं हलतं. भिंग मोठं पाहिजे, पॉवर बेताची पाहिजे आणि स्टँड असा पाहिजे की त्याला लाथ मारली तर आपला पाय दुखावा.

त्यांनी सगळं ऐकलं. रस संपवला. म्हणाल्या, “पण शंभराचं असलं म्हंजी लागल तवा वापरता येतंय ना?”

मी कपाळाला हात लावला.

पुढच्या आठवड्यात ताईंच्या जावयानं परस्पर ऑनलाइन मागवला. मला पुंडलिकनगरात बोलावलं, ‘एकदा चेक करा’ म्हणून. जाहिरातीत लिहिलं होतं, मिलिटरी दर्जाचा. हा शब्द लिहिणाऱ्याला मी एकदा ‘झरोका’वर नेऊन बसवणार आहे. रंग हिरवा दिला की झाली मिलिटरी. आम्ही तो गच्चीवर नेला. पाण्याच्या टाकीवर ठेवला. भिंगाच्या आतल्या बाजूला एक बारीक केस होता. जे काही बघाल त्याच्यावर तो केस पडलेला. समोरच्या बिल्डिंगवर केस, झाडावर केस, कबुतरावर केस. कडी फिरवली की करकर आवाज यायचा आणि चित्र एका बाजूला सरकायचं.

जावई म्हणाला, “पण रेटिंग चांगलंय, मामा.”

“रेटिंग देणाऱ्यांनी केस बघितला नसेल. त्यांना वाटलं असेल बिबट्याची मिशी आहे.”

परत पाठवायला नऊ दिवस गेले. परत न्यायला येणारा माणूस तीनदा येतो म्हणाला आणि आला नाही. तेवढ्यात ताईंचे रोज दोन फोन. एकदा रोही, म्हणजे नीलगाई आल्या, कळपात चौदा होत्या, हरभरा तुडवून गेल्या. एकदा बांधावर कुत्रं मेलेलं सापडलं, मान धरून ओढलेलं. बायका तीन दिवस आल्या नाहीत. कापूस बोंडातून लोंबायला लागला होता.

“तुमी नुसते दोषच काढायलात,” ताई म्हणाल्या. “तुमच्यानं होत नसलं तर सांगा, मी तो शंभराचा आणते.”

“आणू नका. मी उद्या जातो.”

एकटाच गेलो. क्रांती चौकात त्याच दुकानात. गोड बोलणारा उठायच्या आत मीच काउंटरच्या मागं गेलो आणि म्हणालो, जे विकलं जात नाही ते दाखव. त्यानं फळीच्या कोपऱ्यातून धुळीनं माखलेलं खोकं काढलं. वीस ते साठ. ऐंशी मिलिमीटरचं भिंग. डोळ्याकडची बाजू वर वळवलेली, म्हणजे म्हाताऱ्या माणसानं मान न मोडता बसून बघावं. “इसमें पॉवर कम है, अंकल. कोई लेताच नईं.” मी तो बाहेर नेला. पाटी धरली. अक्षरं लागली, कडेपर्यंत लागली. पाटीखालच्या फळवाल्याच्या तराजूतला काटा दिसला. फळवाल्यानं तो काटा बोटानं दाबलेलाही दिसला. मी तिथल्या तिथं स्कोप घेतला. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांचा एक जुना जड स्टँड त्याच्याकडं पडून होता, तोही घेतला. दोन्ही मिळून शंभरवाल्यापेक्षा थोडं स्वस्तच पडलं.

घरी आलो. स्कोप पुसला. मग झूमची कडी वीसवर आणली आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी मारली. तीन वेढे.

शनिवारी मंदाताई आल्या. आमच्या पुढच्या खोलीत टेबलावर स्कोप ठेवला होता. बायकोनं चहा आणून दिला आणि ती आत गेली. ताईंनी स्कोपला हात फिरवला. बरं वाटलं असावं. मग चिकटपट्टी दिसली.

“हे काय?”

“ते तसंच राहू द्या. वीसवरच ठेवा.”

“मंग साठ कशाला हायत?”

“त्याच्याकडं लक्ष देऊ नका.”

“पैसे साठचे द्यायचे अन् बघायचं वीसनं? कामून?” त्यांनी नखानं पट्टीचं टोक उचकटलं.

“ताई, ठेवा म्हणतो ना!”

माझा आवाज मोठा झाला. आतून बायको दारात येऊन उभी राहिली. ताईंनी हात मागं घेतला. माझ्याकडं बघितलं. अशी माझ्यावर नजर रोखून त्यांनी बावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

“इस्माईलभाऊ, तुमी तीन आठवडे झाले या पॉवरच्या नावानं चिडायलात. दुकानात चिडला, जावयावर चिडला, आता माज्यावर. यंत्रावर नाय चिडत माणूस यवढा. काय झालंय ते सांगा.”

मी चहा खाली ठेवला. मग सांगितलं. रिपोर्ट देतात तसं सांगितलं, कारण दुसऱ्या तऱ्हेनं मला ते सांगता येत नाही.

त्या सकाळी वॉटर पार्टीचा कमांडर तापानं पडला होता. सुभेदार साहेबांनी त्याच्या जागी कैलासला पाठवायचं ठरवलं. म्हणजे ओपीत मी एकटा. दुर्बिणीवर कुणी नाही. सुभेदार साहेब म्हणाले, “इस्माईल, अकेले हो जाएगा?” मी म्हणालो, “हो जाएगा, साहब.” दोन वर्षं तीच धार बघत होतो. मला तिचा दगडन् दगड पाठ होता. असं मला वाटत होतं.

सहा पंधराला मी स्कोप वीसवर घेऊन डावीकडून सुरुवात केली. सहा अठराला उजव्या बाजूला, अक्रोडाच्या झाडाखाली, काहीतरी काळं दिसलं. आदल्या दिवशी ते तिथं नव्हतं. मी कडी साठवर नेली. माणूस पालथा पडल्यासारखं दिसत होतं. उजेड कमी, भिंगावर बाफ. मी हलायची वाट बघत राहिलो. ते हललं नाही. मी पुसून पुन्हा बघितलं. सहा बत्तीसला ऊन तिथवर आलं तेव्हा कळलं की ते घोंगडं होतं. कुणा मेंढपाळाचं असेल, वाऱ्यानं आलं असेल.

चौदा मिनिटं मी एक घोंगडं बघत होतो.

पार्टी निघायला आठ मिनिटं राहिली होती. मी मधला भाग बघितला. खालचा झरा बघितला. डावीकडचा नाला राहिला. सुरुवातीला त्याच्यावरून नजर गेली होती, पण तेव्हा पुरता उजेड नव्हता. तो पुन्हा बघायला पाहिजे होता. मी बघितला नाही.

सहा चाळीसला वायरलेसवर कैलासचा आवाज आला.

“झरोका, पार्टी तैयार. रास्ता क्लियर? ओव्हर.”

“पार्टी, झरोका. रास्ता क्लियर. ओव्हर.”

तो एक क्षण थांबला. मग नियम सोडून मराठीत म्हणाला, “उस्ताद, नीट बघितलं का?”

“बघितलं. जा.”

सहा बावन्नला डाव्या नाल्यातून गोळ्यांचा पहिला बर्स्ट आला. पार्टी उतरणीच्या मधोमध होती. पुढचा जवान नवा होता. तो पाण्याचा जरीकेन पाठीवर तसाच घेऊन उभा राहिला. हलेचना. कैलास मागच्या दगडाच्या आडोशाला पोचला होता. तो परत बाहेर आला, त्या पोराला पट्ट्याला धरून खाली ओढलं आणि त्याला दगडामागं ढकलताना त्याच्या पोटात दोन गोळ्या लागल्या. आमच्या मशीनगननं नाला धरला. सात वाजून चार मिनिटांनी समोरून फायर थांबला. मी परवानगी न घेता ओपी सोडून खाली पळालो. नर्सिंग असिस्टंटनं पट्टी बांधली होती, पण पट्टीनं भागण्यासारखं नव्हतं.

कैलास शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, “कुठनं?”

मी म्हणालो, “डाव्या नाल्यातनं.”

त्यानं मान हलवली. मला वाटलं, आता तो विचारील. त्यानं विचारलं नाही. पाणी मागितलं. आम्ही ओठ ओले केले. सात एकतीसला गेला.

पुढं चौकशी झाली. कोर्ट ऑफ इन्क्वायरीनं लिहिलं की त्या उजेडात नाला ओपीतून नीट दिसणं अवघड होतं, कुणाची चूक नाही. मी सही केली. खरं असेलही. कदाचित बघितलं असतं तरी दिसलं नसतं. पण मी बघितलं नव्हतं, आणि ‘बघितलं’ म्हणून सांगितलं होतं. ते कागदावर कुठंच नाही.

“तुम्हाला मी तेव्हा सांगितलं होतं, जागच्या जागी गेला, त्रास झाला नाही,” मी म्हणालो. “तेही खरं नव्हतं. एकोणचाळीस मिनिटं त्रास झाला.”

मंदाताईंनी पदर हातात गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

“बावीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “बावीस वर्षं तुमी माज्या घरी भाकर खायलात. तुमच्या घरी मी चहा पेले.”

“हो.”

“आई मरेपतोर म्हणायची, बरं झालं, माज्या लेकराला त्रास नाय झाला. त्याच्यावरच जगली ती.”

मी पट्टीचं उचकटलेलं टोक अंगठ्यानं पुन्हा दाबलं.

त्या उठल्या. चपला घातल्या. माझी बायको मागोमाग फाटकापर्यंत गेली. ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडं मागं वळून बघितलं नाही. स्कोप टेबलावर तसाच राहिला.

बारा दिवस फोन आला नाही. त्या बारा दिवसांत गल्लीतला स्टेडियमवाला पुन्हा येऊन गेला. टेबलावरचा स्कोप बघून म्हणाला, “वा, घेतला का? पॉवर किती?” मी त्याला बाहेर काढलं. बायको म्हणाली, त्याचा काय दोष? तिचं बरोबर होतं. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, “सांगितलंत ते बरं केलंत. पण आधीच सांगायचं होतं.” तेही बरोबर होतं. त्या दिवसांत सगळ्यांचंच बरोबर होतं. मला त्याचाही वैताग आला.

तेराव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

“यंत्र घेऊन या,” मंदाताई म्हणाल्या. “कापूस गळायलाय.” फोन बंद.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या बसनं निघालो. स्टँड खांद्यावर, स्कोप मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? मी म्हणालो, दुर्बीण. तो म्हणाला, पॉवर... मी त्याच्याकडं बघितलं. तो पुढं गेला.

साडेसहाला आम्ही गच्चीवर होतो. खाली अंगणात सात बायका शेकत बसल्या होत्या. पुढं कापूस, कापसाला लागून ऊस, त्याच्यापलीकडं धरणाचं पाणी. थंडी चांगली होती. मी स्टँड लावला, पायांवर विटा ठेवल्या. ताईंनी मला बाजूला केलं आणि स्टुलावर बसल्या. चिकटपट्टी तशीच होती.

“कैलास कसा बघायचा ते सांगा,” त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता.

मी सांगितलं. डाव्या टोकापासून सुरुवात. एक चौकट, दहा आकडे मोजायचे, मग अर्धी चौकट पुढं. घाई नाही. उसाच्या आत बघायचं नाही, उसाची कड बघायची, कारण जनावर बाहेर येतं ते कडेनं. पक्षी उडाले तर ते का उडाले ते बघायचं. उजव्या टोकाला पोचलं की परत उलटं. उजेड वाढला की सगळं पुन्हा, पहिल्यापासून. आणि एक माणूस कायम बाजूला उभा पाहिजे, उघड्या डोळ्यांनी सगळं शेत बघणारा.

“मंग ऱ्हावा उभे,” त्या म्हणाल्या.

मी उभा राहिलो. त्यांनी बघायला सुरुवात केली. तोंडानं आकडे मोजत होत्या. एक तितर दिसला. दोन मोर दिसले. उसाच्या कडेला माती उकरलेली दिसली, ती डुकरांची. एकदा त्या थांबल्या आणि पट्टीकडं हात गेला. मग हात परत गुडघ्यावर ठेवला. खालून एक बाई ओरडली, “ताई, ऊन डोक्यावर आलं की!”

“बस गप,” ताई वरून म्हणाल्या. “मला बघू दे.”

पन्नास मिनिटं बघितलं. तीन वेळा, पूर्ण. मग त्या उठल्या. मला वाटलं, आता खाली वाकून सांगतील, जा गं उतरा. तसं काही सांगितलं नाही. आधी गड्याला ट्रॅक्टर उसाच्या कडेनं दोनदा फिरवायला लावला. मग डोक्याला पदर घट्ट बांधला, काठी घेतली आणि बायकांच्या पुढं स्वतः कापसात उतरल्या. मी गच्चीवर उभा राहून दोन तास शेत बघत होतो. एकदा स्कोपमधून, एकदा डोळ्यानं. बिबट्या दिसला नाही. पुढं दोन आठवड्यांनी तो नदीच्या पलीकडं गेल्याचं कळलं.

दहाच्या सुमाराला त्या वर आल्या. हातावर कापसाच्या बोंडांचे बारीक ओरखडे. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि दही आणलं. एक ताट माझ्यापुढं सरकवलं, एक स्वतःला घेतलं. पाण्यावर पक्ष्यांची रांग होती. त्यांच्याकडं दोघांपैकी कुणी बघत नव्हतं.

“चुकलंच तुमचं,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“चुकलं नाय असं मी म्हणणार नाय. माफ केलं बी म्हणणार नाय. मला येत नाय तसं.” त्यांनी भाकरी मोडली. “बारा दिवस इचार केला, या माणसाचं तोंड बगायचं नाय. मंग म्हनलं, आई गेली. वडील गेले. ह्यांला तर आता माणूस वळखू येत नाय. कैलासचं बोलायला मला ऱ्हायलंय कोण? तुमीच ना. तुमचं बी तोंड बगायचं नाय म्हनलं, तर तो पुरताच गेला.”

मी ठेच्याकडं बघत बसलो. तिखट होता. डोळ्याला पाणी यायला तेवढं कारण पुरे होतं.

“त्याचं कायतरी सांगा,” त्या म्हणाल्या. “मरायचं नको. ते झालं. दुसरं सांगा.”

मग सांगितलं.

एकदा ब्रिगेडियर साहेब पोस्टवर आले होते. मोठी भेट. दोन दिवस आम्ही दगडांना चुना लावत होतो. साहेब ओपीत आले तेव्हा कैलास स्कोपवर होता. नियमाप्रमाणं त्यानं डोळा काढला नाही. साहेबांनी विचारलं, “जवान, क्या देख रहे हो?” आमचे कंपनी कमांडर साहेब मागं उभे. सगळ्यांना वाटलं, हा आता बंकर सांगील, मोर्चे सांगील, तसं पाठही करून घेतलं होतं. कैलास म्हणाला, “साहब, उनके लांगरी ने आज फिर दाल जला दी.” सगळे गार. ब्रिगेडियर साहेब म्हणाले, “इतनी दूर से तुम्हें दाल दिख रही है?” कैलास म्हणाला, “दाल नहीं साहब. पर चार आदमी थाली लेके उसके पीछे भाग रहे हैं.” साहेबांनी त्याला बाजूला केलं आणि स्वतः डोळा लावला. पाच मिनिटं तो माणूस स्कोपवरून उठेना. उठला तेव्हा हसू आवरत नव्हतं. जाताना कंपनी कमांडर साहेबांना म्हणाला, या जवानाला इथून हलवू नका, हा नीट बघतो.

मंदाताई हसायला लागल्या. आधी पदरात, मग मोकळ्या. हातातला घास ताटात पडला.

“असाच होता,” त्या म्हणाल्या, “असाच होता मेला!”

शब्द निघून गेला होता. त्यांचं हसणं थांबलं. हात तोंडावर गेला. मी खाली बघितलं. अंगणात कुणीतरी पोत्यात कापूस दाबत होतं.

मग त्यांनी हात खाली घेतला, डोळे पुसले आणि माझं ताट थोडं माझ्याकडं सरकवलं.

“फुडं सांगा,” त्या म्हणाल्या. “थांबू नका.”